हजेरीपत्रकातले नाव आणि नागरिकतेवरचे नाव: सोलापुरातील एका नेपाळी चौकीदाराच्या भविष्यनिर्वाह निधीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात शेजारी देशाशी असलेल्या मैत्रीचा विषय निघाला की बोलणे हमखास डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर येते. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यांच्या नावाचे स्मारक गावात आहे आणि तो अभिमान रास्तच आहे. प्रस्तुत प्रकरण मात्र दुसऱ्या शेजाऱ्याचे आहे, आणि त्यात पथक नाही, स्मारक नाही; आहे तो एक हजेरीपत्रकाचा रकाना, एक धूसर झेरॉक्स आणि सुमारे चार लाख रुपये.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या एका यंत्रमाग कारखान्यात २००४ पासून २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत एक नेपाळी गृहस्थ रात्रपाळीचे चौकीदार होते. ते नेपाळच्या सुदूरपश्चिम भागातील एका डोंगरी जिल्ह्याचे. त्या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे महाराष्ट्रात चौकीदारीला येतात. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बसने बनबसा, आणि पूल ओलांडून महेंद्रनगर असा त्यांचा वर्षाआड जाण्यायेण्याचा मार्ग होता. या प्रवासात पारपत्र लागत नाही. सुमारे १,७५१ किलोमीटरची ही सीमा दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली आहे, आणि तिकडून येणाऱ्या माणसाला इथे राहण्याची व कामधंदा करण्याची मुभा ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेल्या शांतता व मैत्री करारातून येते. कराराच्या सातव्या कलमानुसार दोन्ही सरकारे परस्परांच्या नागरिकांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत सारख्याच सवलती देण्यास बांधील आहेत.

कारखान्यात वीसहून अधिक कामगार असल्याने भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होता आणि चौकीदारांचीही वर्गणी पहिल्यापासून नियमित भरली जात होती. एरवी परदेशी कामगारांना या योजनेत वेगळे नियम आहेत. परंतु नेपाळच्या नागरिकाला १९५० च्या कराराच्या आधारे आणि भूतानच्या नागरिकाला २००७ च्या कराराच्या आधारे भारतीय कामगारच मानावे, असे त्या योजनेतच नमूद आहे. म्हणजे काठमांडूत झालेल्या कराराचे एक टोक अक्कलकोट रस्त्यावरच्या पगारपत्रकापर्यंत पोहोचलेले होते. आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखक या कारखान्याचे कामगारविषयक कागद पाहतो, तेव्हा ‘आमच्यापैकी’ या शब्दात त्याने स्वतःलाही धरले आहे.

प्रश्न कुठे अडला

२०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली आणि चौकीदार सोलापुरातच अडकले. त्या काळात गावाकडे पत्नी आजारी पडली. पुढे वाट मोकळी झाल्यावर त्यांनी २०२१ च्या सुरुवातीला नोकरी सोडली आणि ते कायमचे परतले. निधीच्या पैशांचा अर्ज नंतर करू, पुण्यात हॉटेलात कामाला असलेला मुलगा कागद आणून देईल, असे ठरले. जाताना कारखानदारांनी चादरी दिल्या, सहकाऱ्यांनी नारळ दिला आणि कोणीही त्यांची एकही सही घेतली नाही. सगळ्या प्रकरणातील पहिली आणि सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

मुलगा महिनाभराने वडिलांच्या नागरिकता प्रमाणपत्राची प्रत घेऊन आला तेव्हा तीन गोष्टी एकदम उघड्या पडल्या.

पहिली गोष्ट नावाची. कारखान्याच्या नोंदीत ते ‘बहादूर थापा’ होते. नागरिकतेवर ‘बहादूर’ हे मधले नाव होते, पहिले नाव वेगळेच होते आणि आडनाव थापा नव्हते. २००४ साली दिवाणजींनी नाव कसे लिहिले असेल याचा शोध घेतला, तेव्हा कळले की आधीचे चौकीदार थापा होते. नवे आले, त्यांनाही सगळे बहादूरच म्हणू लागले आणि आडनाव तेच पुढे चालू राहिले. सतरा वर्षे त्याच नावाने पगार निघाला, त्याच नावापुढे अंगठा उठला. चौकीदारांना फोनवर विचारले की तुम्ही कधी सांगितले कसे नाही, तर ते म्हणाले, “मालक हाक मारायचे, मी ओ द्यायचो. कागदावर काय लिहिलंय ते मला कुठं दिसत होतं?”

दुसरी गोष्ट जन्मतारखेची, आणि ती जरा तपशिलाने सांगण्यासारखी आहे. २०१४ नंतर सदस्यांना सार्वत्रिक खाते क्रमांक मिळाले, त्या वेळी एका कारकुनाने नागरिकतेची झेरॉक्स पाहून तारीख भरली होती. प्रमाणपत्रावर जन्म ‘२०२१ साल, माघ’ असा होता. हे विक्रम संवत आहे एवढे त्याने बरोबर ओळखले, २०२१ मधून ५७ वजा केले, १९६४ काढले, आणि माघ म्हणजे फेब्रुवारी असे धरून फेब्रुवारी १९६४ लिहून टाकले. नेपाळचे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. त्यामुळे वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करावे लागतात, तर तिथून चैत्रअखेर ५६. शिवाय तिकडचा माघ आपल्यासारखा चांद्र महिना नाही, तो सौर आहे आणि मकर संक्रांतीला लागतो. खरी तारीख जानेवारी १९६५ मधली निघते. चौकीदार स्वतः नेहमी सांगत असत की त्यांचा जन्म माघे संक्रांतीनंतर आठवड्या-दीड आठवड्याचा. सोलापुरात त्या वेळी सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो, म्हणून ही गोष्ट कारखान्यात सर्वांच्या लक्षात होती. फक्त कागदाशी ती कोणी ताडून पाहिली नाही. लिपी देवनागरी असल्यामुळे कागद वाचता आला, आणि वाचता आला म्हणून तो कळला असे वाटले. प्रमाणपत्र बंगाली किंवा उर्दू लिपीत असते तर कारकून नक्कीच कोणाला तरी विचारायला गेला असता.

तिसरी गोष्ट आधार क्रमांकाची. चौकीदारांकडे तो नव्हता, आणि आधार जोडल्याशिवाय दावा पुढे सरकण्याची वाट त्या वेळी आम्हाला सापडली नाही. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही, तो नेपाळचा नागरिक असला तरी, आधार काढता येतो. २०१० मध्ये आधार सुरू झाल्यानंतरचे कोणतेही वर्ष त्यासाठी चालले असते. तो हक्क त्यांनी वापरला नाही, कारण आधार हे फक्त भारतीयांसाठी असते असे त्यांना, आणि त्यांच्याहून जास्त आम्हाला, वाटत होते.

समोर असलेले पर्याय

कारखानदारांचा पहिला उद्गार अगदी सरळ होता: “जाऊ द्या साहेब, मीच लाख-दीड लाख देऊन टाकतो, त्यांचा जीव टांगणीला नको.” या औदार्यावर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाने खात्यावर चार लाखांच्या आसपास रक्कम जमलेली होती, शिवाय दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क होता. सेवेच्या शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागले की ते निघते. त्यांच्या बाबतीत ते महिना दोन हजारांच्या घरात जात होते. मालकांच्या लाख-दीड लाखांनी प्रश्न मिटला असता, पण हक्क बुडाला असता. म्हणून असे ठरले की कारखानदारांनी साठ हजार रुपये हातउसने द्यावेत आणि दाव्याचा पाठपुरावा वेगळा चालू ठेवावा.

दुसरा पर्याय एका मध्यस्थाने आणला. सोलापुरातच जन्म झाल्याचा दाखला तयार करू, त्यावर आधार काढू, दोन महिन्यांत काम होईल, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा याला राजी होता, आणि त्याचा दोष मानता येत नाही. त्याला दर आठवड्याला पुण्याहून फोन करून ‘काही झालं का’ विचारावे लागत होते. हा पर्याय नाकारताना लेखकाने त्याला दोन कारणे सांगितली. नेपाळचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतात जन्मल्याचा खोटा कागद पुढे गावाकडच्या जमिनीच्या कामात अंगाशी येऊ शकत होता. दुसरे कारण आम्हाला स्वतःलाही बोलता बोलताच उमगले. चौकीदारांचा या निधीवरील हक्क ते नेपाळी *असूनही* होता असे नव्हते. ते नेपाळी आहेत आणि तसा करार आहे, *म्हणूनच* त्यांना भारतीय कामगाराची वागणूक मिळत होती. कागदोपत्री त्यांना सोलापूरकर करणे म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तीच तोडणे होते.

तिसरा पर्याय त्यांनी परत येऊन १८२ दिवस राहण्याचा आणि रीतसर आधार काढण्याचा होता. पत्नीचे आजारपण आणि शेती पाहता तो बोलून सोडून दिला. चौथा, आणि शेवटी निवडलेला पर्याय सर्वांत कंटाळवाणा होता: आधी नोंदी दुरुस्त करायच्या, कराराचा आणि योजनेतील तरतुदीचा आधार देऊन लेखी अर्ज करायचा, आणि वाट पाहायची.

वाट पाहण्याची किंमत होती, ती आम्ही तेव्हा पुरती ओळखली नाही. पंचावन्न वर्षांनंतर नोकरी सोडलेल्या सदस्याने छत्तीस महिन्यांत दावा केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि त्यावर व्याज मिळणे थांबते. चौकीदारांनी छप्पन्नाव्या वर्षी नोकरी सोडली होती. म्हणजे फेब्रुवारी २०२४ ही रेषा आमच्या डोक्यावर होती.

काय केले

नावाच्या दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक यांचे संयुक्त घोषणापत्र लागते. मालकांची सही एका दिवसात झाली. कामगाराच्या सहीसाठी कागद पुण्याला, पुण्याहून दसऱ्याला गावी जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नेपाळला, आणि तिथून परत असा फिरला. त्यात चार महिने गेले. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत याचा पुरावा म्हणून गावच्या वडा (म्हणजे प्रभाग) कार्यालयाकडून ‘सिफारिस’ मागवली. आपल्याकडे शिफारस म्हणजे वशिल्याचे पत्र, म्हणून कारखानदार आधी जरा बिचकलेच. तिकडे तो साधा अधिकृत दाखला असतो, हे मुलाने समजावून सांगितले. जोडीला २००४ पासूनची हजेरीपत्रके, आणि त्या आवारात थापा नावाचा दुसरा कोणी चौकीदार त्या काळात नव्हता असे कारखान्याचे प्रतिज्ञापत्र दिले.

जन्मतारखेशी मात्र आम्ही अडखळलो. चुकीची तारीख, फेब्रुवारी १९६४, तशीच राहिली असती तर निवृत्तिवेतन २०२२ मध्येच सुरू होण्यास पात्र ठरले असते. खरी लावली तर ते जानेवारी २०२३ वर जात होते. म्हणजे दुरुस्ती चौकीदारांच्या तोट्याची होती, जवळजवळ अकरा महिन्यांच्या निवृत्तिवेतनाची. एका बैठकीत कारखानदारांनी विचारले की नाव तेवढे दुरुस्त करू, तारखेला कशाला हात लावता. लेखकाचे उत्तर व्यावहारिक होते: दाव्यासोबत नागरिकतेची प्रत जाणार, तिच्यावर माघ २०२१ लिहिलेले आहे, आणि आपल्या कारकुनाला गणित चुकले म्हणून तपासणाऱ्याचेही चुकेलच असे नाही. हा निर्णय चौकीदारांना फोनवर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की जन्म झाला तेव्हाच झाला. दोन्ही दुरुस्त्या एकाच घोषणापत्रातून मागितल्या आणि त्या २०२३ मध्ये मंजूर झाल्या.

तरीही आधाराचा अडसर कायम होता आणि २०२४ चा फेब्रुवारी तसाच उलटून गेला. वाट मोकळी झाली ती २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने एका परिपत्रकाने काही वर्गांना आधाराशिवाय दावा निकाली काढण्याची सवलत दिली आणि त्या वर्गांत नेपाळ व भूतानच्या नागरिकांचा स्पष्ट उल्लेख होता. ओळखीसाठी नागरिकत्वाचा कागद चालणार होता. पाच लाखांहून अधिक शिल्लक असल्यास मालकाकडून पडताळणी आणि सर्व प्रकरणांत बँक खात्याची खातरजमा अशा अटी होत्या.

आता प्रश्न बँकेचा उरला. चौकीदारांचे सोलापुरातील खाते दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झाले होते आणि ते त्यांनी स्वतः येऊनच सुरू करणे श्रेयस्कर होते. २०२५ च्या जानेवारीत ते निघाले. महेंद्रनगरच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी पत्नीसोबत छायाचित्र काढून घेतले, कारण निवृत्तिवेतनाच्या अर्जावर पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र लागते. लग्नाला चाळीस वर्षे होत आली तरी त्यांचे असे एकही छायाचित्र नव्हते. वाटेत दिल्लीला उतरून बाराखंबा रस्त्यावरील नेपाळी दूतावासातून ओळखीचे पत्र घेतले. सोलापुरात ते कारखान्याच्या आवारातील आपल्या जुन्या खोलीतच उतरले. पहिल्या रात्री दोन वाजता फाटकाची साखळी हलवून पाहण्याचा आवाज नव्या चौकीदाराने ऐकला आणि तो काठी घेऊन धावला. बाहेर हे उभे होते.

निष्पत्ती

निधीची रक्कम मे २०२५ मध्ये खात्यावर जमा झाली. निष्क्रिय काळातले व्याज मिळाले नाही. ८.२५ टक्के दराने पाहिले तर चार लाखांवर वर्षाला तेहतीस हजार होतात. एवढा खड्डा केवळ उशिराने पडला. निवृत्तिवेतन जानेवारी २०२३ पासून धरून थकबाकीसह मंजूर झाले. साठ हजारांचे हातउसने चौकीदारांनी दोन हप्त्यांत परत केले. मालकांना ते घ्यायचे नव्हते, पण ‘उसने म्हटले होते’ यावर चौकीदार अडून बसले.

पैसे नेपाळला पोहोचवणे तुलनेने सोपे गेले. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ प्रेषण सुविधेतून खात्यावरून एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. २०२१ पूर्वी ही मर्यादा पन्नास हजारांची होती. दोन व्यवहारांत बहुतेक रक्कम गेली. रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला असल्याने किती मिळणार याचे गणित चौकीदारांनी बँकेच्या बाकावर बसून तोंडीच केले, आणि ते आमच्या मोबाइलच्या आधी झाले.

मासिक निवृत्तिवेतनाचे मात्र अर्धेच जमले आहे. ते सोलापूरच्या खात्यात जमा होते आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या नेपाळी गोरखा सैनिकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथे निवृत्तिवेतन देणारी भारतीय कार्यालये आहेत. कारखान्याचे फाटक राखणाऱ्याने गोळी झेललेली नसते हे खरे, परंतु त्याच्या वर्गणीचा पैसा तरी सैनिकाइतकाच खरा असतो, आणि त्याला दोन हजारांसाठी दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो, ही गोष्ट लेखकाला खटकते. १९५० च्या कराराचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये नेमलेल्या मान्यवर गटाचा अहवाल २०१८ मध्ये तयार होऊन तसाच पडून आहे. त्या चर्चेत सुरक्षा आणि शस्त्रखरेदी यांवर पुष्कळ बोलले जाते, चौकीदाराच्या पासबुकावर क्वचित.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, नोकरी सोडण्याच्या दिवशी सह्या घ्यायला हव्या होत्या. घोषणापत्र आणि दाव्याचे अर्ज त्या दिवशी भरले असते तर निदान चार महिन्यांची टपाल-यात्रा वाचली असती. त्याहून मागे जायचे तर २००४ मध्ये दिवाणजींनी कागद मागितला असता, किंवा २०१४ मध्ये कारकुनाने तारखेबरोबर नावही ताडून पाहिले असते, तर दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवला नसता. त्या कारकुनाने भरलेल्या माहितीवर लेखकाच्या कार्यालयाने डोळे झाकून शिक्का मारला होता, हेही इथे नोंदवायला हवे.

आधारच्या बाबतीत लेखकाचे मत थोडे बदलले आहे. सुरुवातीला वाटत होते की रीतसर आधार काढायला न सांगणे ही आमची मुख्य चूक. आता वाटते की ती दुय्यम होती. नावाची नोंद चुकलेली असताना आधार निघाले असते तर ते खऱ्या नावाचे निघाले असते, निधीचे खाते ‘थापां’चे राहिले असते आणि दोन्ही जुळले नसते.

मध्यस्थाला नकार देणे बरोबर होते, यात शंका नाही. परंतु मुलाला तो नकार पटवून देण्यात आम्ही उशीर केला. कराराची तरतूद त्याला आधीच दाखवली असती तर मधल्या काळात त्याने मध्यस्थाला दिलेले सात हजार रुपये वाचले असते. ते परत मिळाले नाहीत.

कारखान्यात सध्या दोन नेपाळी चौकीदार आहेत. त्यांच्या नागरिकतेच्या प्रती फाइलला लावल्या आहेत, नावे अक्षर न् अक्षर ताडली आहेत, आणि तारखांचे रूपांतर त्यांच्याच गावच्या वडा कार्यालयाकडून लेखी मागवले आहे. जुने चौकीदार पुढच्या हयातीच्या दाखल्यासाठी येणार आहेत. या योजनेत तो दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो, त्यामुळे महिना कोणता हे त्यांनाच निवडायचे होते. त्यांनी जानेवारी निवडला. पत्नीला बरोबर आणायचे आहे, तिने गड्डा पाहिलेला नाही.